ऑनलाइन भूगोल शिकताना प्रात्यक्षिक आणि क्षेत्रभेट यांचे काय करावे?

घाटमाथा

नमस्कार.

वाई तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी अकरा वर्षे शिकवते आहे. माझी पदवी इतिहासाची. परंतु शिक्षक मोजकेच असल्याने सहावी ते आठवीचा भूगोल माझ्या वाट्याला आला आणि शिकवता शिकवता तोच विषय मला अधिक जवळचा वाटू लागला. आमच्या शाळेची जागाच अशी आहे की पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवताना खिडकीतून घाटाकडे बोट दाखवावे आणि सांगावे, ढग त्या पलीकडे रिते होतात, आपल्यापर्यंत उरलेसुरले येते.

आता हा विषय रीतसर शिकावा असे मनात आहे. शाळा आणि घरातले आजारपण सांभाळून महाविद्यालयात जाऊन बसणे शक्य नाही, म्हणून ऑनलाइन अभ्यासक्रमांची महिनाभर चाचपणी केली आणि गोंधळ उलट वाढला. कोणी दूरस्थ पदवी म्हणतो, कोणी ऑनलाइन पदवी, कोणी 'स्वयम्' वर जा म्हणतो, तर कोणी डेहराडूनच्या संस्थेचे नाव घेतो. त्यातच ओळखीच्या एका प्राध्यापकांनी 'भूगोल हा खोलीत बसून शिकायचा विषयच नव्हे' असे एका वाक्यात सांगून विषय संपवला.

सिद्धान्ताचा भाग मी वाचून काढीन, त्याची भीती नाही. प्रश्न प्रात्यक्षिकाचा आणि क्षेत्रभेटीचा आहे. ज्यांनी या मार्गाने भूगोल शिकला आहे किंवा शिकवला आहे त्यांनी हे दोन भाग कसे निभावले, ते कृपया सविस्तर लिहावे.

सुदूर

ताई, आधी गोंधळाचा निचरा करू. तुम्ही लिहिलेल्या गोष्टी एका जातीच्या नाहीत.

दूरस्थ पदवी म्हणजे पुस्तके घरी येतात, जवळच्या अभ्यासकेंद्रावर ठराविक दिवशी समंत्रकांचे (मार्गदर्शक शिक्षकांचे) वर्ग होतात आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून या पद्धतीने चालते, आणि मराठीतून शिकायचे असेल तर पहिला विचार त्याचाच करावा. ऑनलाइन पदवीत वर्ग, साहित्य आणि बऱ्याच अंशी मूल्यमापनही संगणकावरच होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेची या दोन्ही प्रकारची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. मात्र मान्यता विद्यापीठाच्या नावाला नसून त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि त्या विशिष्ट सत्राला असते, म्हणून आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर तुमचा अभ्यासक्रम त्या वर्षीच्या यादीत आहे याची खात्री केल्याशिवाय शुल्क भरू नये. एम.ए.साठी काही विद्यापीठे कोणत्याही शाखेचा पदवीधर घेतात, तर काही ठिकाणी पदवीला भूगोल असावाच लागतो. तुम्ही सेवेत आहात, तेव्हा शिक्षण विभागाची पूर्वपरवानगीही आधीच घेऊन ठेवा. पदवी हाती आल्यावर सेवापुस्तकात नोंद करताना तोच कागद मागतात.

'स्वयम्' ही पदवी नव्हे. २०१७ साली सुरू झालेल्या या मंचावर एकेक सुटा विषय शिकता येतो. नोंदणी विनामूल्य आहे, प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यायची. आयआयटींच्या अभ्यासक्रमांत दर आठवड्याच्या गृहपाठाला २५ आणि अंतिम परीक्षेला ७५ गुण असतात, आणि गृहपाठात २५ पैकी किमान १०, परीक्षेत ७५ पैकी किमान ३० मिळवावे लागतात. पुष्कळ जण गृहपाठ सोडून परीक्षेच्या तोंडावर जागे होतात आणि तिथेच अडकतात. रूरकीच्या आयआयटीचा भौगोलिक माहिती प्रणालीवरचा (संगणकावर नकाशे हाताळण्याचा) आणि मुंबईच्या आयआयटीचा सुदूर संवेदनावरचा (उपग्रह वा विमानातून पृथ्वीची माहिती घेण्याचा) अभ्यासक्रम मी केला आहे. दोन्ही चांगले आहेत, मात्र गणिताची थोडी तयारी हवी.

डेहराडूनची संस्था म्हणजे इस्रोची भारतीय सुदूर संवेदन संस्था. १९६६ साली नेदरलँड्सच्या साहाय्याने ती उभी राहिली तेव्हा विमानातून काढलेली छायाचित्रे वाचायला शिकवणे हे तिचे काम होते. २००७ पासून ती दूरस्थ वर्ग घेते, आणि तेही विनामूल्य. शाळेतील शिक्षकांसाठी मला तरी हा सर्वांत सोपा प्रवेश वाटतो.

प्रात्यक्षिकाविषयी उद्या लिहितो.

अर्धवट

सुदूर यांनी लिहिले ते कागदावर बरोबर आहे. कागदाबाहेर काय घडते ते मी सांगतो, कारण माझे एम.ए. तिसऱ्या सत्रात अर्धवट राहिले आहे आणि सदस्यनाम त्यावरूनच घेतले आहे.

विद्यापीठाचे नाव घेत नाही. व्याख्याने उत्तम होती, त्याबद्दल तक्रार नाही. प्रात्यक्षिकाची वेळ आली तेव्हा दहा दिवसांचा संपर्क वर्ग दोन दिवसांत उरकण्यात आला. पहिल्या दिवशी हजेरी आणि ओळखपत्रे, दुसऱ्या दिवशी एका आधीच्या विद्यार्थिनीचे तपासलेले जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, सर्वांच्या हाती देण्यात आले आणि ते उतरवून आणा असे सांगण्यात आले. झेरॉक्सच्या दुकानात आमच्यातील कित्येकांनी तर उतरवण्याचेही कष्ट घेतले नाहीत. ट्रेसिंग कागद लावून नकाशे छापल्यासारखे काढले.

क्षेत्रभेटीचा अहवाल मी मात्र मनापासून केला. आमच्या गावच्या मंगळवारच्या आठवडी बाजारात सलग सहा आठवडे बसून कोण विक्रेता कोणत्या गावाहून येतो, काय आणतो, उरलेला माल घेऊन बुधवारी कोणत्या बाजाराला जातो, हे विचारून नकाशावर रेषा काढल्या. भाजीवाले दहा-बारा किलोमीटरच्या आतले, भांडीवाले आणि कापडवाले तालुक्याबाहेरचे, आणि सुकी मासळी विकणाऱ्या दोन बायका थेट घाट चढून आलेल्या, असे चित्र निघाले. हा अहवाल अकरा पानांचा आणि हाताने लिहिलेला होता. ज्यांनी चाळीस पानांचा, टंकलेला, आतील मजकूर कुठून आला हे कोणी न विचारलेला अहवाल दिला त्यांना माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले. त्यानंतर मन उडाले, हे कबूल करतो.

म्हणून प्रवेशापूर्वी तुमच्या केंद्राच्या समन्वयकांना फोन करून तीन गोष्टी विचारा: प्रात्यक्षिकाचे तास नेमके किती आणि कोठे, जर्नल कोण तपासते, आणि क्षेत्रअहवालावर तोंडी परीक्षा होते की नाही. ज्या केंद्रात तोंडी परीक्षा होते तिथे विकतचा अहवाल चालत नाही.

जुने जर्नल

मी तेहतीस वर्षे महाविद्यालयात भूगोल शिकवून निवृत्त झालो. अर्धवट यांनी सांगितलेला प्रकार नियमित महाविद्यालयांतही पाहिला आहे, म्हणून त्याचे खापर ऑनलाइन पद्धतीवर फोडू इच्छित नाही. मात्र 'भूगोल खोलीत बसून शिकायचा विषय नव्हे' म्हणणाऱ्या प्राध्यापकांनी पुढचे वाक्य सांगायला हवे होते: खोलीबाहेर पडायला महाविद्यालयाची परवानगी लागत नाही. आणि घाटमाथा ताई, तुम्ही ज्या गावी आहात तिथे आमची मुले वर्गणी काढून बसने येत असत.

प्रात्यक्षिकाचा पाया म्हणजे स्थलनिर्देशक नकाशा, ज्याला आम्ही सारे टोपोशीट म्हणतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून खुल्या मालिकेतील १:५०,००० प्रमाणाची पत्रके उतरवून घेता येतात. जुन्या क्रमांकाप्रमाणे महाबळेश्वर ४७ जी/९ मध्ये येते आणि वाई शेजारच्या ४७ जी/१३ मध्ये. नव्या मालिकेचे क्रमांक निराळे आहेत, पण जुनी माणसे अजून जुन्यानेच बोलतात. दोन्ही पत्रके मोठ्या कागदावर मूळ मापातच छापून घ्या आणि कडा जुळवून चिकटवा. पडद्यावर बोटांनी लहानमोठे करून पाहिलेल्या नकाशाचे प्रमाण डोक्यात बसत नाही. कागदावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, हे बोटांना एकदा कळले की आयुष्यभर विसरत नाही.

मग समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा. व्हिडिओत त्या रंगीत होऊन फिरतात आणि समजल्याचा भास होतो. त्यापेक्षा एक मोठा, वेडावाकडा बटाटा घ्या. तो अर्धा कापून सपाट बाजू खाली ठेवा, वरून खालपर्यंत आरपार दोन काड्या खुपसा आणि काढून घ्या, म्हणजे दोन भोके राहतील. आता बटाट्याच्या सारख्या जाडीच्या आडव्या चकत्या करा. सर्वांत खालची चकती कागदावर ठेवून पेन्सिलने कडेने रेघ मारा, भोकांच्या खुणा करा, मग त्याच खुणांवर भोके जुळवून वरची चकती ठेवा आणि पुन्हा रेघ मारा. शेवटच्या चकतीपर्यंत गेलात की टेकडीचा समोच्च नकाशा तयार. जिथे बटाट्याचा उतार उभा होता तिथे रेषा दाटीने येतात, जिथे तो पसरट होता तिथे विरळ, हे सांगावे लागत नाही. सातवीच्या मुलांकडूनही हे करून घेता येईल, आणि चकत्यांची भाजी होते.

त्यानंतर वाई ते महाबळेश्वर असा छेद, म्हणजे त्या रेषेवरचे चढउतार बाजूने दाखवणारी आकृती, काढा. अंतर सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आत, म्हणजे कागदावर जवळजवळ अर्धा मीटर. वाईची उंची सुमारे ७०० मीटर, पाचगणीची सुमारे १,३०० आणि महाबळेश्वरची सुमारे १,३५०. उभे प्रमाणही १:५०,००० ठेवलेत तर अर्ध्या मीटरच्या पट्टीवर सगळा पसरणीचा घाट सव्वा सेंटिमीटरचा उंचवटा दिसेल आणि तुम्हाला वाटेल की काहीतरी चुकले. काही चुकलेले नसते. पृथ्वीचा पृष्ठभाग खरोखरच इतका सपाट आहे. आपले पाय थकतात म्हणून तो आपल्याला उभा वाटतो. याच कारणाने छेदात उभे प्रमाण पाच-दहा पटींनी वाढवतात आणि किती वाढवले ते खाली लिहितात. पुस्तकातील डोंगरांच्या आकृत्या पाहून मुलांना सह्याद्री भिंतीसारखा वाटतो, तो या न लिहिलेल्या वाढीमुळे.

क्षेत्रभेट त्याच रेषेवर करा. एसटीने जा, पण एका दमात नको. वाई, पसरणी घाटातील एखादे वळण, पाचगणीचे टेबललँड, भिलार फाटा आणि वेण्णा तलाव अशी पाच ठिकाणे धरा आणि प्रत्येक ठिकाणी एकाच तक्त्यात नोंदी करा: उंची, उताराची दिशा, मातीचा रंग, उघडा दिसणारा खडक, झाडे, पिके, घरांच्या छपरांचा उतार. उताराचा कोन मोजायला कंपासपेटीतील कोनमापक, दोरा आणि वजनाला एक नट पुरतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि वाईला सातशेच्या आसपास. हा आकडा तुम्ही वर्गात सांगत असालच. पण बाभळीपासून हिरडा-जांभळापर्यंत झाडे कोणत्या वळणावर बदलतात, आणि सपाट धाब्याचे घर शेवटचे कुठे दिसते, हे आकड्यात नाही. टेबललँडवर जांभ्याच्या दगडाला हात लावून पाहा, आणि घाटातील काळ्या बेसाल्टलाही लावून पाहा. दोन्ही एकाच डोंगरात एकावर एक कसे आले, हा प्रश्न तुम्हाला तिथे पडेल. व्याख्यान त्यानंतर ऐका.

सुदूर

सरांशी एका मुद्द्यावर माझे मतभेद आहेत. क्यूजीआयएस ही नकाशांच्या कामाची विनामूल्य संगणकप्रणाली आहे, आणि २००० साली अंतराळयानातून रडारने मोजलेली उंचीची माहितीही विनामूल्य मिळते. ती भरून वाई ते महाबळेश्वर रेघ ओढली की छेद काही सेकंदांत समोर येतो. आजच्या विद्यार्थ्याने कागदावर दोन संध्याकाळी घालवण्यापेक्षा तो वेळ प्रणाली शिकण्यात घालवावा असे मला वाटते, कारण नोकरीत कोणी पेन्सिलने छेद काढायला सांगत नाही.

तरीही ज्या चुका मी स्वतः केल्या त्या प्रामाणिकपणे सांगतो, म्हणजे ताईंचा वेळ वाचेल.

पहिली चूक प्रक्षेपणाची. संपूर्ण पृथ्वी सहा-सहा अंशांच्या साठ पट्ट्यांत विभागून प्रत्येक पट्ट्याचा वेगळा सपाट नकाशा करण्याची यूटीएम नावाची पद्धत आहे. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांश हा ४३ वा पट्टा आणि ७८ च्या पुढे ४४ वा. मुंबई, पुणे, सातारा, अगदी अमरावतीसुद्धा ४३ मध्ये बसते. वर्धा आणि नागपूर ४४ मध्ये. ऑनलाइन व्याख्यानात उदाहरण पुण्याचे होते, म्हणून वर्धा तालुक्याचा गृहपाठ करताना मीही डोळे झाकून ४३ लिहिले. माहिती ४४ ची आणि तिच्यावर पाटी ४३ ची. परिणाम असा की वर्धा तालुका जसाच्या तसा सहा अंश पश्चिमेला सरकला आणि वलसाडसमोर अरबी समुद्रात जाऊन बसला. गावांच्या सीमा, रस्ते, ओढे सगळे व्यवस्थित, फक्त सभोवती पाणी. मी दोन दिवस प्रणालीत बिघाड शोधत होतो. वर्गात असतो तर मागून जाणाऱ्या शिक्षकांनी खांद्यावर हात ठेवून एका मिनिटात सांगितले असते. ऑनलाइन शिक्षणात उणीव भासते ती या मागून जाणाऱ्या माणसाची. व्याख्यान कितीही वेळा मागे नेऊन ऐकले तरी माझी चूक त्यात नसते.

दुसरी चूक अधिक शिकवून गेली. उंचीच्या माहितीवरून संगणक नदीनाले स्वतः काढतो. मी कृष्णेच्या वरच्या खोऱ्याचे प्रवाहजाळे काढले, प्रवाहश्रेणी लावली (पहिल्या श्रेणीचे दोन प्रवाह मिळाले की दुसरी, पण पहिला दुसऱ्याला मिळाला तर श्रेणी दुसरीच राहते) आणि नकाशा सुंदर दिसला म्हणून तसाच सादर केला. धोमच्या जलाशयावर मात्र नद्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ आणि एकमेकींना समांतर धावत होत्या. पाण्याचा पृष्ठभाग सपाट असल्याने उतार कोणत्या दिशेला हे संगणकाला ठरवता येत नाही, मग तो काहीतरी दिशा गृहीत धरून रेघा ओढतो. तपासणाऱ्याने शेरा दिला होता: 'टोपोशीटशी ताडून पाहिले काय?' पाहिले नव्हते. तेव्हा सर, मतभेद मागे घेतो. दोन्ही करावे, आणि आधी कागदावर करावे.

उपग्रहचित्रांसाठी युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रे घ्या. दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो आणि ती विनामूल्य आहेत. मात्र तुमच्या भागाचे जुलै-ऑगस्टचे स्वच्छ चित्र शोधत बसू नका, ढगांपलीकडे काही दिसणार नाही. नोव्हेंबर आणि एप्रिल अशी दोन चित्रे शेजारी ठेवा, म्हणजे बागायत कुठे आणि जिरायत कुठे हे आपोआप कळेल. पावसाळ्याचेच हवे असेल तर सेंटिनेल-१ चे रडारचित्र ढगांतूनही मिळते, पण ते वाचायला शिकणे हा निराळा अभ्यास आहे.

शब्दवेडी

एका बाजूच्या अडचणीवर अजून कोणी लिहिलेले नाही. बहुतेक ऑनलाइन व्याख्याने इंग्रजीत आहेत आणि ताईंना शिकवायचे मराठीत आहे. मी दोन अभ्यासक्रम केले तेव्हा एका वहीत समोरासमोर शब्द लिहीत गेले आणि त्या वहीचा उपयोग प्रमाणपत्रापेक्षा अधिक झाला. भाषा संचालनालयाचा भूगोलशास्त्राचा परिभाषा कोश आणि ऑनलाइन उपलब्ध असलेला मराठी विश्वकोश हे दोन आधार पुरेसे आहेत.

काही मराठी शब्द इतके नेमके आहेत की इंग्रजी ऐकल्यावर त्यांची किंमत कळते. ऑक्स-बो लेकला आपण नालाकृती सरोवर म्हणतो. इंग्रजीतील बैलाच्या जोखडाचा आकार आपल्या मुलाला पाहायला मिळणार नाही, घोड्याची नाल मिळेल. पॉटहोल म्हटले की आता रस्त्यावरचे खड्डे आठवतात, पण निघोजला कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे ज्याने पाहिले आहेत त्याला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. लॅटराइट हा शब्द १८०७ साली बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्याने केरळातील दगड पाहून विटेच्या लॅटिन नावावरून केला. कोकणातला माणूस त्या दगडाला जांभा म्हणून त्याची घरे बांधतच होता. उलट इंग्रजीत एक स्ट्रीम आहे तिथे आपल्याकडे ओहोळ, ओढा, नाला असे निरनिराळे शब्द आहेत, आणि गावातील माणूस ते सरसकट वापरत नाही. क्षेत्रभेटीत तो कोणता शब्द कशाला वापरतो हे नोंदवून घ्या.

लेस्टरकर

इकडच्या, ब्रिटनमधल्या, अनुभवाची थोडी भर घालतो. ब्रिटनचे खुले विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले आणि दूरचित्रवाणीवरून शिकवत असे हे सर्वांना ठाऊक आहे. पण प्रात्यक्षिकाच्या विषयांसाठी ते दोन गोष्टी करत होते: विद्यार्थ्याच्या घरी टपालाने साहित्याची पेटी जाई, भूशास्त्राच्या पेटीत खडकांचे नमुने असत, आणि उन्हाळ्यात आठवडाभराचे निवासी वर्ग होत. माझ्या शेजारच्या आजींनी ती पेटी अजून ठेवली आहे. म्हणजे घरबसल्या शिक्षण देणाऱ्यांनीही खडक हातात घेतल्यावाचून भागते असे कधी मानले नव्हते. त्यांच्या ओपनलर्न या विभागातील भूगोलाचे साहित्य आजही कोणालाही विनामूल्य वाचता येते. पूरक म्हणून चांगले आहे, उदाहरणे मात्र सारी इकडची.

अर्धवट

पेटीची कल्पना आपल्याकडे कोणी उचलली नाही याचे वाईट वाटते. बेसाल्ट आणि जांभा यांना तर खर्चही नाही.

घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण आधी करून पाहावे आणि मग लिहावे असे ठरवले होते.

बटाट्याचा प्रयोग वर्गात केला. दोन मुलांनी चकत्यांच्या भोकांकडे दुर्लक्ष केले आणि त्यांच्या टेकडीचे शिखर पायथ्याच्या बाहेर गेले. त्यावरून भोके कशासाठी होती हे उरलेल्यांना न सांगता कळले.

त्यानंतर दोन्ही पत्रके छापून घेतली आणि छेद काढायला बसले. पसरणी घाटात रेषा इतक्या दाट आहेत की बारीक रेषा मोजताना डोळे दुखू लागले, म्हणून ठळक दिसणाऱ्या तेवढ्याच मोजल्या. खाली रेषांतर, म्हणजे लगतच्या दोन रेषांमधील उंचीचा फरक, २० मीटर लिहिले होते. वाईच्या ७०० पासून सहा ठळक रेषा मोजून पाचगणीची उंची ८२० मीटर काढली, छेद पूर्ण केला, शाईने गिरवलासुद्धा. सरांनी सांगितलेली उंची आठवत होती, तरी वाटले की आपण समुद्रसपाटीचा काही वेगळा हिशेब विसरत असू. रविवारी एसटीने निघाले. अर्ध्या घाटात कानांत दडे बसले, पाचगणीच्या थांब्यावर उतरले तेव्हा खाली कृष्णेचे खोरे पाहिले, आणि एकशेवीस मीटर हे आपल्या गावच्या टेकडीपेक्षा फार नाही हे एकदम लक्षात आले. घरी येऊन पुन्हा पाहिले, पण चूक नेमकी कुठे झाली ते अजून सापडलेले नाही.

नोंदींत एक गोष्ट लक्षणीय वाटली. छपरांचा बदल मी समजत होते तसा घाट चढल्याबरोबर होत नाही. पाचगणीत सपाट छपरांच्या नव्या इमारती पुष्कळ आहेत. भिलार फाट्याच्या पुढे मात्र उतरती छपरे आणि भिंतींना पावसाच्या बाजूने लावलेले पत्रे सर्रास दिसू लागतात. पाचगणीत सिल्व्हर ओकची उंच झाडे सगळीकडे आहेत, तीही नैसर्गिक नव्हेत, लावलेली आहेत, असे तिथल्या एका माळ्याने सांगितले. म्हणजे झाडांवरून पाऊस ओळखताना कोणते झाड मोजायचे, हाही प्रश्नच आहे.

प्रवेशाचे म्हणाल तर आधी 'स्वयम्' वरील एकच अभ्यासक्रम आणि डेहराडूनचा एक वर्ग असे ठरवले आहे. अर्धवट दादांचे तीन प्रश्न मी दोन अभ्यासकेंद्रांना विचारले. एकाने 'जर्नल मिळून जाईल' असे सांगितले, तिथे फोन ठेवला. दुसऱ्या केंद्राच्या बाईंनी तोंडी परीक्षा होते असे सांगून उलट मलाच विचारले की तुमचे क्षेत्र कोणते. त्यांच्याकडे पुढच्या सत्राला अर्ज करणार आहे.

जुने जर्नल

ताई, ठळक रेषा दर पाचवी असते. बारीक रेषा २० मीटरची, ठळक १०० मीटरची. तुमच्या सहा रेषा म्हणजे ६०० मीटर. ७०० मध्ये मिळवा, पाचगणी जागेवर येईल. शाईने गिरवलेला छेद फाडू नका. जर्नलमध्ये तोच लावा, शेजारी दुरुस्त केलेला लावा आणि कान दडल्याचे दोन ओळींत लिहा. मी परीक्षक असतो तर तोंडी परीक्षेत तेवढ्याच दोन ओळींवर प्रश्न विचारले असते.

सिल्व्हर ओक मोजू नका. हिरडा, जांभूळ आणि अंजन मोजा.

घाटमाथा

सहाशे! ठळक रेषेवर आकडा छापलेला होता आणि मी तो पायवाटेचा समजत होते. आजच दुरुस्त करते.

अंजन म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी जांभळ्या फुलांनी फांद्या भरून जातात तेच ना? तसे असेल तर तक्त्यात वेण्णा तलावाजवळ मी त्याला 'जांभळ्या फुलांचे झाड, नाव विचारणे' असे लिहून ठेवले आहे.